खारुताई खाली उतरत नाही

खारुताईला झाडावरून खाली उतर म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ती स्वतःच सांगत सुटायची. पण तो कधीच जन्मला होता, आणि तोही तिच्याच पाठीवर. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. झाडं तोडायचा धंदा बापाचा. बाप गेल्यावर या दोघांनी तो चालवला: ताई वर, धाकटा खाली. ती दोराला लटकून फांद्या कापायची, तो त्या ओढून गाडीत भरायचा. खारुताई हे नाव शेजारच्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की दवाखान्यातली नर्ससुद्धा त्याच नावानं हाक मारायची.

दवाखान्याची वारी सुरू झाली ती बोटांवरून. पेट्रोलच्या करवतीनं हात हादरून हादरून तिची बोटं पांढरीफटक पडायला लागली होती. चहाचा कप गरम आहे की गार, हे ओठाला लागेपर्यंत कळेना. डॉक्टर म्हणाले, हे मशीन सोडा, नाहीतर बोटांवर पाणी सोडा.

"मग सोड की," धाकटा म्हणाला. "अंगणात बसून साखळ्यांना धार लाव. वर चढायला मी माणूस बघतो."

"म्हणजे मला खुंटीला टांगणार?"

"वयाप्रमाणं वागावं माणसानं."

झालं. एवढं ऐकून गप्प बसली तर ती खारुताई कसली? दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता ती दुकानात गेली. दुकानदार ताकद, वजन, चार्जिंग असं पुराण लावून बसला. तिनं एकच विचारलं, "हात किती हादरतो?" दुकानदारानं करवत चालू करून तिच्या हातात दिली. ती बॅटरीची करवत घेऊनच ती घरी आली.

धाकट्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. "हे काय, नखं कापायला आणलंस?" भावजय तोंडाला पदर लावून हसली. धाकट्याचं चालूच होतं, "आवाज तरी आहे का हिला? करवत कशी, चार घरं पलीकडं कळली पाहिजे."

खारुताईनं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर पेट्रोलवर तिचाही जीव होता. दोरी ओढली की मशीन खेकसून उठायचं, कपड्यांना तो वास महिनोन्‌महिने राहायचा. बॅटरीवाल्यांना तिनंच आजवर नावं ठेवली होती. आता ते शब्द गिळताना घशाला लागत होते, पण अंगणात बसण्यापेक्षा ते बरं.

पहिलं मोठं काम आलं ते एका घरावर कललेल्या झाडाचं. आता या दोघांची रीत अशी की कामात वरून खाली कधी शब्द जायचा नाही. गरजच नव्हती. मशीन घरघरत असेल तोवर धाकटा कुंपणाच्या भिंतीशी उभा. मशीन बंद पडलं की कापून झालं, धाकटा झाडाखाली. उभं आयुष्य असंच गेलं होतं.

खारुताईनं एक जाड फांदी निम्मी कापली आणि पाय नीट रोवायला खटका सोडला. पेट्रोलचं मशीन अशा वेळी घरघरत राहतं. हे मुकं झालं. खाली धाकट्याला वाटलं, झालं काम. तो सरळ फांदीखाली आला.

"थांब," ती ओरडली. त्यानं मान वर केली नाही. "अरे ए, मागं हो." स्वयंपाकघरातून घरमालकीण धावत गॅलरीत आली, पण तो वाकून पाचोळा बाजूला करत राहिला. फांदी करकरली, आपल्याच वजनानं सालीसकट सोलत गेली आणि त्याच्या पाठीमागं कोसळली. पानं त्याच्या शर्टाला घासून गेली.

धाकटा पांढरा पडला, मग लाल झाला. "बघितलंस तुझं खेळणं? माणूस मेला असता. उतर खाली. उद्यापासून पेट्रोल, नाहीतर तू घरी."

 पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हाक घरमालकिणीला ऐकू गेली, मग याला कशी नाही? तिनं तोंड बुंध्याकडं वळवलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझी बायको पळून गेली रे."

"उतरतेस ना?" खालून धाकटा म्हणाला.

म्हणजे याला ऐकूच येत नव्हतं. त्यांच्या घरात कुणीच हळू बोलत नसे, झाडतोड्यांचं घर ते, आणि उरलेलं तो समोरच्याच्या ओठांवरून ओळखत असणार, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पेट्रोलचा त्याला पुळका नव्हता. तेवढा एकच आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता. तिला राग आणि रडू एकदमच आलं, आणि राग जास्त आला.

तिनं हेल्मेट काढलं, त्याला आपलं तोंड दिसेल अशी वाकली आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

धाकटा पायाशी बघत राहिला. "झाली की बरीच वर्षं. हिला सांगू नकोस. घरी बसवेल मला."

"आणि तू मला बसवायला निघाला होतास."

 खारुताईनं हत्यारं वर ओढायच्या बारीक दोरीचं एक टोक खाली फेकलं. "मनगटात अडकव. एक हिसका, थांब. दोन हिसके, ये."

"मी काय बैल आहे?"

"बैलाला ऐकू येतं."

धाकट्याला हे मात्र बरोबर कळलं. हसू दाबत त्यानं दोरी मनगटात अडकवली आणि ओढून पाहिली. तिच्या बधिर बोटांना काही जाणवलं नाही, म्हणून तिनं आपलं टोक कोपराला गुंडाळलं.

"अहो, आज राहू द्या," गॅलरीतून घरमालकीण म्हणाली. "मी दुसरं कुणी धडधाकट बघते."

धाकट्याला ते ऐकू गेलं नाही, हे एक बरंच झालं. खारुताईनं हेल्मेट चढवलं आणि एक हिसका दिला. धाकटा भिंतीला टेकून, वर बघत उभा राहिला. मग तिनं खटका दाबला.