न घेतलेलं कर्ज

"शिकल्यालं दिसतंय!"

आमच्या वडगावच्या गल्लीतल्या आक्कांची ही सगळ्यात जहरी शिवी. आधी ओठ डावीकडे मुरडायचे, समोरच्याला चपलेपासून चष्म्यापर्यंत बघायचं आणि मग हे दोन शब्द टाकायचे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, त्यामुळे ही शिवी माझ्या वाट्याला जरा जास्त यायची. खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा बरोबरच यायची.

आमची गल्ली विणकरांची, घरोघरी मागांचा खडखडाट. नवरा गेल्यापासून आक्का दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं साड्या विणत होत्या. त्या मालकानं दोन माग विकायला काढले. ते आपण घ्यायचे, स्वतःच्या पडवीत लावायचे, एवढा एकच ध्यास त्यांनी धरला. बँकेत गेल्या, तर साहेबानं कॉम्प्युटरात बघून मान हलवली. आक्कांच्या क्रेडिट रिपोर्टवर धंद्याचं एक थकलेलं कर्ज दिसत होतं. ते पुसल्याशिवाय नवं कर्ज नाही.

रिपोर्ट घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"कसला धंदा म्हणं?"

"तंबाखूचा, आक्का. निपाणीत."

"मी मिसरीसुद्धा लावत न्हाय रं!"

मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि ऑनलाइन तक्रार केली. "यांना स्वतःची पगाराची स्लिप सापडत नाही," असं बायको आतून म्हणाली, तिकडे दुर्लक्ष केलं. महिन्याभरात उत्तर आलं: तपासणी केली, नोंद बरोबर आहे.

"कुणाला इचारून तपासलं?" आक्कांनी विचारलं.

"ज्यांनी कर्ज दिलं, त्या फायनान्स कंपनीला."

"म्हंजे चोरालाच इचारलं, चोरी झाली का म्हणून. लईच शिकल्यालं दिसतंय!"

मधूनमधून वसुलीवाल्यांचे फोन यायचे. एक पोरगा आधी कन्नडात दरडावायचा, मग हिंदीत, शेवटी मराठीत. आक्का शांतपणे सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "खोटं बोलायला तीन भाषा शिकलास बाळा. खरं बोलायला एक तरी शीक." तो फोन ठेवायचा. पुढं पुढं तो आमच्या गल्लीला फोन करायलाच बिचकत असावा.

शेवटी आम्ही बस पकडून निपाणीला गेलो, कर्जाचे मूळ कागद बघायला. निपाणी आक्कांचं माहेर. थोरला भाऊ तिथंच तंबाखूची दलाली करायचा. "काम झालं की दादाकडं च्या घिऊ," असं त्यांनी बसमध्येच ठरवून टाकलं होतं. मला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. निपाणी काय, तंबाखू काय! पण मी पडलो शिकलेला.

ऑफिसातल्या साहेबानं फाइल काढली. वर आक्कांच्या पॅन कार्डाची झेरॉक्स होती, त्यांचं नाव, त्यांचा फोटो. खाली अर्जावर सही. मी वाचली. नाव अनोळखी होतं, पोरीबाळीचं असावं तसं.

"ही कोण, आक्का?"

आक्कांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्या सहीवरून बोट फिरवलं.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात, ठाऊक आहे ना? त्या ताटात आक्कांचं जुनं नाव पुसलं गेलं होतं. सासरी, रेशन कार्डावर, बँकेत, सगळीकडं नवंच. सही होती ती त्या जुन्या नावाची. आणि ती झेरॉक्स? एका भाऊबीजेला दादा म्हणाला होता, "यंदा ओवाळणी म्हणून तुला दुकानात भागीदार करतो." आक्कांनी हरखून कार्ड काढून दिलं होतं.

"सही तुमची नाही म्हणता," साहेब म्हणाला, "मग संशय कुणावर आहे, तेवढं लिहून द्या. लगेच काम होईल."

मी आक्कांना कोपरानं ढोसलं. एक नाव लिहिलं की माग पडवीत. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि साहेबाला चपलेपासून चष्म्यापर्यंत बघितलं.

"कार्डावर एक नाव, सहीत दुसरंच. पैसं देताना दिसलं न्हाय व्हय तुला? सही कुणाची, ते तू हुडक. माझी न्हाय, एवढं लिवून घे."

"मग वेळ लागेल."

"लागू दे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आक्का, चहा?"

"चल. बस चुकंल."

परतीच्या बसनं संकेश्वर मागं टाकलं. मग आक्का म्हणाल्या, "त्या नावानं हाक मारणारं आता जगात एकटंच ऱ्हायलंय बघ. खोटी सही करतानाबी तेला दुसरं नाव सुचलं न्हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "गाढव."

पुढे मी तक्रारींवर तक्रारी केल्या, आक्कांनी सह्यांचे नमुने दिले, आणि उशिरा का होईना, ती नोंद निघाली. पडवीत माग आले. पण फायनान्सवाले दादाकडे पोचायचे ते पोचलेच. त्या वर्षी भाऊबीजेला आक्कांनी पाट मांडला, निरांजन तयार ठेवलं, आणि दुपार टळल्यावर त्याच पाटावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागल्या.

"आले नाहीत?" मी दारातून विचारलं.

"लाज वाटत असंल. बरं हाय. तेवढी तरी शिल्लक हाय म्हणायची."

मागच्या वर्षी आक्का गेल्या. साधा ताप म्हणत म्हणत गेल्या. निपाणीहून दादा आला. काठी टेकत पडवीच्या पायरीशी थांबला, आत काही येईना. तिथूनच त्यानं हाक मारली, त्या जुन्या नावानं. मग पुन्हा एकदा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हा म्हातारा कुणाला बोलावतोय, कुणालाच कळेना.

मला कळलं. आतून त्यांची ती शिवी येईल म्हणून मी उगाचच कान देऊन उभा राहिलो.

त्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद होते. नाहीतर ती हाकही कुणाला ऐकू आली नसती.