शोभाबाईंचे दोन हजार पाचशे वीस खडे

आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत शोभाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात. मूळच्या परभणीकडच्या. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पंचेचाळिसाव्या वर्षी मुक्त शाळेतून दहावी करायचं मनावर घेतलं आणि अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे आल्या, कारण वीस वर्षं मी पालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवतो. त्यांना गणित हाच विषय हवा होता. मी शहाणपणा शिकवला: या वयात कशाला डोक्याला ताप, त्याऐवजी गृहविज्ञान घ्या. त्यांचा चेहरा उतरला. विचार करून सांगते म्हणाल्या. मुदत रविवारी संपत होती.

शनिवारी आल्या त्या भलताच प्रश्न घेऊन. कुठलं फूल दोन खड्यांचं, कुठलं तीनचं, असं दहापर्यंत. मग पुडीत किती खडे असावेत, म्हणजे कोणत्याही एका नमुन्याची फुलं केली तरी एकही खडा उरणार नाही?

बाईंना एवढं पुरे, अशा थाटात मी मोबाइलवर दोनपासून दहापर्यंतचा गुणाकार करून दाखवला. छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे.

"एवढे कामून, सर?" त्या म्हणाल्या. "आठ घेतले की दोन अन् चार त्यातच आले. नऊ घेतले की तीन आले. सहा अन् दहा तर फुकटातच. पाच अन् सात तेवढे येगळे घ्यावे लागतेत. आठ नवे बहात्तर, पाचपट तीनशेसाठ, त्याची सातपट. दोन हजार पाचशे वीस."

मी ताठ बसलो. लसावि, तोही पाटी-पेन्सिलीवाचून! एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात असं कुणी बोललं नव्हतं. मला राहवेना. म्हटलं, अकरा घातले तर? सत्तावीस हजार सातशे वीस. बाराला काहीच वाढवावं लागेना. तेराला तीन लाख साठ हजार तीनशे साठ. चौदा, पंधरा पुन्हा फुकट. चहा गार झाला, आम्हा दोघांचे आवाज चढले, शेजारची दारं उघडली. मला लाज वाटली नाही, इतका आनंद झाला होता.

मग त्यांनी एकदम विचारलं, "कोणता आकडा नवीन मागतो अन् कोणता नाही, हे पुस्तकात असतं का?"

असतं, मी म्हटलं.

"मंग मला तेच पुस्तक पाहिजे."

मी लगेच अर्ज घेतला आणि गणितापुढे खूण केली. करताना मान खालीच होती. त्या दिवशी मी चुकलो, असं कसंबसं म्हणालो.

"ते राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "सोळाला किती लागतेत ते बगू आधी."