डेट्रॉइट, एक मुक्काम

आख्ख्या शिरूर तालुक्यात किलोमीटरवर विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि देवाने नेमका तोच मला सासरा म्हणून दिला. मामांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. मेंढरं केव्हाच विकली, कारेगावच्या जमिनीवर खोल्या बांधून कंपनीतले कामगार भाडेकरू ठेवले, पण जुना हिशेब काही डोक्यातून गेला नाही. दिवसभर चालून रात्री कळप बसवायचा तो मुक्काम, आणि अंतर मोजायचं ते मुक्कामांतच. वढू दोन मुक्काम, दौंड चार. "मामा, एसटीनं दौंड दोन तासांवर आहे," असं मी नवा जावई असताना एकदा म्हणालो. "एष्टी पळती म्हून दौंड जवळ येतंय व्हय?" त्यांनी मलाच झापलं. रस्त्याकडेचे दगड त्यांच्या मते ठेकेदाराने घरी जायच्या घाईत कुठंही पुरलेले. माझ्या मोटारसायकलवर मागे बसले, की जुन्या मुक्कामाची जागा आली रे आली, थांबावंच लागे. उतरून तंबाखू मळत, समोरची फॅक्टरीची भिंत न्याहाळत, "जागा चांगली हाय, पानी जवळ हाय," म्हणत आणि पुन्हा बसत.

शतक बदलायच्या सुमाराला धाकट्या जावयाला कंपनीने डेट्रॉइटला धाडलं. पाठोपाठ माझी मेव्हणी निघाली. माहेरी निरोप घ्यायला आली, तर सासूबाईंनी तिचा पासपोर्टच तांदळाच्या डब्यात घातला! "एवढ्या लांब लेक धाडायची न्हाई," म्हणून वर त्या डब्याला टेकून बसल्या. पोरगी रडकुंडीला आली.

मामांनी मला बोलावलं. "पाव्हणं, इमान मधी किती जागी बसतं?"

"फ्रँकफुर्टला, एकदाच."

"ऐकलंस का?" मामा गरजले. "एकच मुक्काम! तुझं म्हायेर दौंडात, चार मुक्काम. कवा लांब म्हनालीस का?"

सासूबाई डबा सोडून उठल्या. पासपोर्ट झटकून मिळाला, चुलीवर चहा चढला.

सकाळच्या विमानात तिला बसवून आम्ही भाड्याच्या जीपने मुंबईहून परतत होतो. शिक्रापुरात ट्रकांच्या गर्दीत अडकलो. मी आणि मामा ड्रायव्हरशेजारी, मागे सासूबाईंचा डोळा लागला होता.

"आता कुठवर गेली आसल?" मामांनी विचारलं.

"तुर्कस्तान ओलांडलं असेल."

"आन् आपल्याला शिक्रापूर वलांडंना!" त्यांनी ट्रकवाल्यांना दोन शेलक्या शिव्या हासडल्या. मग मागे बघून हळूच म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगा. किती लांब हाय?"

"बारा-तेरा हजार किलोमीटर, मामा."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी किलोमीटर मुकाट ऐकून घेतला. बोटांवर मुक्काम मोजायला लागले. एक हात झाला, दुसरा झाला, मग बोटं तशीच राहिली.

"म्हातारीला बोलू नका," ते म्हणाले. डोळे भरले होते. "मला ठावं व्हतं, लांब हाय. पन तिच्यापायी पोरीचं आडलं आसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी हाय तवर येईल ना ओ ती?"

एरवी त्यांची चेष्टा करायला मी टपलेला असायचो, त्या दिवशी मात्र "येणार की, मामा," म्हणालो आणि कारेगाव येईपर्यंत त्यांचा हात धरून बसलो.