ड्रायव्हरशेजारची जागा

त्र्यंबकच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा मी नाशिकहून रोज सर्व्हिस मोटारीने जात असे. ड्रायव्हरशेजारी एक लंगडा म्हातारा ठरलेला. मोटारीने जरा वेग घेतला, की तो ड्रायव्हरच्या खांद्यावर काठी टेकवी आणि मोटार बैलगाडीच्या चालीवर येई.

एकदा मी वैतागून विचारलं, "आजोबा, त्र्यंबकला रोज काय काम असतं?"

"काय बी नाय. ह्याच गाडीनं माझा पाय मोडला. म्या कोर्टात दावा लावला, तवा मालक भरपाई द्यायला आला. म्या म्हनलं, पैसा नको, जन्मभर ही जागा दे."

"पैसे का सोडलेत?"

"घेतले असते, तर ह्यो ड्रायव्हर मोकळा सुटला असता!"

उशिरापायी हेडमास्तरांची बोलणी मी वर्षभर खाल्ली. पण दोन्ही पायांवर उभा राहून.