बोटीवर कोण होतं?

तो अर्ज आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा डहाणूच्या पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. धाकटी डहाणूच्या खाडीवर फिरायला आलेल्या एका पाहुण्याची बॅग चोरीला गेली. त्याने इंग्रजीत अर्ज दिला आणि तो आपल्या गावी परतला. अर्जात एकच ओळ कामाची होती : 'आय सॉ अ मॅन विथ माय बॅग ऑन द बोट.'

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी कागद आला की ठाण्यातले सगळे माझ्याकडे सरकवायचे. मी वाचून सांगितलं, "बॅग घेतलेला माणूस बोटीवर होता." त्या दुपारी धक्क्याला एकच बोट लागलेली होती, असं खबऱ्याने कळवलं. तिच्या मालकाला आम्ही सगळ्यांदेखत जीपमध्ये बसवून आणलं.

चौकशीत तो एवढंच म्हणे, "बोट माझीच हाय, साहेब. बॅग नाय बघितली."

मागोमाग त्याची बायको मासळीची पाटी घेऊनच ठाण्यात आली.

"चोरी कधी झाली म्हणता?"

"दुपारी दोनच्या सुमारास."

"तवा ओहोटी होती. बोट चिखलात बसलेली. ओहोटीला आमचा माणूस बोटीवर काय झोपा काढेल? तो बोटीच्या खाली असतो, तळाचे शिंपले खरवडत. साहेब, तुम्ही खाडी कधी बघितली हाय का?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. मी अर्ज पुन्हा वाचला. बोटीवर कोण होतं, बॅग नेणारा की त्याला बघणारा? त्या ओळीवरून ते ठरतच नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनातही मी जरा अडखळलो होतो. पण फोन करून विचारलं तर ठाण्यातले लोक मला इंग्रजी येत नाही असं म्हणतील, म्हणून गप्प बसलो.

आता त्या पाहुण्याला फोन लावला. "तुम्ही स्वतः कुठे उभे होता?"

तो म्हणाला, "बोटीवर. फोटो काढायला चढलो होतो. तो माणूस रस्त्यावर रिक्षा चालू करत होता."

धक्क्यावरच्या रिक्षावाल्यांकडे चौकशी केली, तेव्हा ती रिक्षा तलासरीची निघाली. चालकाने बॅग काढून दिली आणि मान खाली घातली. "परत द्यायलाच उचलली होती, साहेब. मग वाटलं, कोणी बघितलं नाय."

बोटमालकाला मी म्हटलं, "जा आता घरी." तो बाकावरून उठेना.

"जीपमधून आणलंत, जीपमधूनच सोडा. लोकांना दिसू दे."

मी स्वतः त्याला सोडायला गेलो. धक्क्यावर जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगितलं, "यांनी काही केलेलं नाही. चूक आमची झाली." तो बोटीकडे निघून गेला.

त्यानंतर साक्षीदार कुठे उभा होता हे विचारल्याशिवाय मी एकही जबाब पुरा केला नाही. एक प्रश्न विचारायची लाज मी टाळली होती. ती त्या माणसाला भोगावी लागली.