नागोरावमामांनी न भरलेली फट

वैशाखातल्या एका सकाळी मी नेहमीप्रमाणे माझ्या लिहायच्या कपाटाशी बसून दिवसाच्या कामांची यादी करत होते, तेव्हा बालाजीचा फोन आला. "बाई, बाबा गेले. पहाटं, झोपीतच..." मग म्हणाला, "तुमच्या कपाटाला सांगा." परक्या माणसाला हे ऐकून विचित्र वाटलं असतं. मी मात्र फोन ठेवला आणि खरोखरच कपाटाच्या फळीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. बालाजीचे वडील नागोराव पांचाळ हे लातूरचे सुतार. आमच्या घरात सगळे त्यांना नागोरावमामा म्हणत. इरा, सोहम, माझ्या नातवंडांनो, तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंत, तेही फरशीवर बसून बशीतून चहा पिताना. ते कोण होते हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कपाटाविषयी सांगते. इंग्रजीत त्याला सेक्रेटरी डेस्क म्हणतात. खाली पितळी मुठींचे तीन मोठे खण, वर उतरती फळी. फळी पुढे ओढली की तिचंच टेबल होतं आणि आत पत्रांचे, दौतीचे, पाकिटांचे लहान लहान कप्पे दिसतात. निजामाच्या कचेऱ्या मोडल्या तेव्हा माझ्या बाबांनी हैदराबादला ते लिलावात घेतलं. माझ्या लग्नात ते ट्रकमधून लातूरला आलं. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, अडत दुकान होतं. ते म्हणाले, "सून आली आन् तिची कचेरीबी आली." हसले, पण ओसरीवरची उजेडाची जागा त्यांनी कपाटाला दिली. माझ्या बी.ए., बी.एड.च्या प्रमाणपत्रांची जागा त्यातल्या डावीकडच्या दुसऱ्या कप्प्यात ठरली. माझं सगळं असं ठरलेलं असे, अजूनही असतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, हवेतला ओलावा गेला आणि त्या उतरत्या फळीला आडवी फट पडली. पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी. मला ते सहन होईना. नागोरावमामा तेव्हा पंचविशीतले. घरं बांधणं थांबलं होतं, सुताराला काम नव्हतं, ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. मी मुद्दाम त्यांना बोलावलं. मनात होतं, माझी फट बुजेल आणि त्यांच्या हाताला त्यांचं स्वतःचं काम मिळेल. त्यांनी फळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मान हलवली.

"हे मोडलेलं न्हाई, वैनी. तहानलंय. पाऊस आला की आपसूक मिटंल."

"पण तोवर? आत धूळ जाते आहे."

"जाऊ द्या. आता भरलं तर पावसाळ्यात फळीनं कुठं जावं? तिला जागा ठिवा."

आणि गडी उठून खडी फोडायला निघून गेला. मामंजी म्हणाले, "लई शहाणा दिसतोय! दगड फोडंल, पण फट भरणार न्हाई." तेव्हा मीही हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते. ज्याच्या घरात चूल धड पेटत नव्हती, त्यानं चालून आलेलं काम केवळ ते लाकडाच्या हिताचं नाही म्हणून नाकारलं... हे समजायला मला दहा वर्षं लागली.

कारण मी ऐकलं नाही. आठवड्याभरात दुसऱ्या एकाला बोलावून मी फटीत लाकडाच्या चिपा ठोकून घेतल्या, वर सरस आणि भुसा भरून घेतला. फळी गुळगुळीत झाली. पुढच्या पावसाळ्यात ती फुगली आणि चौकटीत अडकून बसली. दसऱ्यानंतर कुठे सुटली. तेव्हापासून मी मृगाच्या आधीच फळी उघडून ठेवायचे ती थंडी पडेपर्यंत बंद करायचे नाही. नागोरावमामांना बोलावायला तोंड नव्हतं. रस्त्यात दिसले तर मी पदर सावरून दुसरीकडे पाहायचे.

मग लातूर जिल्हा झाला. गावात फटाके वाजले, रोज नव्या कचेरीची नवी पाटी लागू लागली, बदलून आलेल्यांची कुटुंबं आली, शाळेत मुली मावेनात. एका शाळेचं मुलाखतीचं पत्र मला आलं, उद्या अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रं घेऊन या म्हणून. दहा वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच. आणि मी कपाटाकडे वळले, तर फळी बंद! चार दिवसांपूर्वी श्रावणी सोमवारी पाहुणे येणार होते. पसारा दिसू नये म्हणून मीच, माझ्या हातानं, ती बंद केली होती.

तुमच्या आजोबांनी ओढून पाहिली, सुरी घालून पाहिली. शेवटी मामंजींनी कुऱ्हाड मागवली. "कागद मोलाचा का लाकूड, पोरी? तुला उद्या जायचंय." ते बरोबरच बोलत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, "एकदा नागोरावांना बोलवा."

ते डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन भिजत आले. मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. फळीवर तळवा ठेवला. "फुगून राहिली बिचारी. तिचा काय दोष? समोरून न्हाई तर मागून जाऊ. ह्याला पाठ हाय की!"

कपाट भिंतीपासून ओढलं. मागे चार पातळ फळ्या होत्या. त्यांनी कंदील जवळ घेतला, बोटं फिरवली आणि एकदम थांबले. "खिळा न्हाई. एकपण न्हाई. बांबूच्या खुंट्या हायत, बगा." लाकडी हातोडीनं त्यांनी चार खुंट्या हलकेच बाहेर काढल्या. कप्प्यांमागची फळी सरकली आणि माझे सगळे कप्पे पाठीमागून उघडे झाले. समोरून डावीकडचा दुसरा कप्पा आता मागून उजवीकडचा दुसरा झाला होता; त्यात हात घालून मी प्रमाणपत्रं काढली. कोरडी, स्वच्छ.

मामा मात्र तिथेच बसून राहिले. त्या फळीच्या आतल्या बाजूला कुणा अनोळखी सुतारानं ओढलेली पेन्सिलीची रेघ होती. तिच्यासमोर त्यांनी हात जोडले. "करणाराला ठावं होतं," ते हळू म्हणाले, "कवातरी कुणीतरी चुकणार. म्हनून मागं वाट ठिवली त्यानं." मामंजींनी हातातली कुऱ्हाड भिंतीशी टेकवून ठेवली.

मी शिक्षिका झाले. मामा मला वैनीऐवजी बाई म्हणू लागले. पुढच्या चैत्रात त्यांनी तीन दिवस बसून पातळ सुरीनं ते सगळं भरलेलं टोकरून काढलं आणि फट उघडी करून दिली. त्यानंतर ते वर्षातून दोनदा येत, उन्हाळ्यात फट उघडलेली पाहायला आणि आषाढात मिटलेली. काम काहीच नसे. यंदाच्या चैत्रात आले तेव्हा त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. नातवाच्या खांद्यावर हात होता. नखानं फट वाचली आणि म्हणाले, "जित्ती हाय अजून. आता तुमी बगा, बाई."

आज आषाढ संपतो आहे. मघाशी मी पोस्टकार्ड लावून पाहिलं, आत गेलं नाही. मग नख फिरवलं. मिटली होती. सवयीनं दाराकडे पाहिलं...

इरा, हे कपाट तू मागितलं आहेस. ते तुझंच. तुझ्याकडच्या हीटरनं गरम, कोरड्या झालेल्या खोल्यांत ही फट कदाचित बाराही महिने उघडी राहील. राहू दे, भरू नकोस. आणि कधी फळी अडलीच, तर जोर करू नकोस. कपाट भिंतीपासून ओढ. मागे चार खुंट्या आहेत. हलक्या हातानं ठोक.