गलक्यातली एक ओळ

टाचणी म्हणजे माझ्या मेव्हणीची नणंद. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून हे नाव. ठेवलं मीच, आणि तिला ते ठाऊक आहे. एका गोदामाच्या ऑफिसात ती बैठकांचं इतिवृत्त लिहायची. सासरी तीन जावा आणि सासूबाई एकाच वेळी बोलत, आणि जिचं ऐकलं नाही ती दोन दिवस रुसून बसे. कान तिथे तयार झाले.

त्या ऑफिसात एक रीत होती. कुणी नको ते बोलू लागलं, की मॅनेजर घसा खाकरायचा आणि त्याचे तिन्ही साहाय्यक एकदम सुरू व्हायचे. बोलणारा बुडाला की विषय संपला. जे इतिवृत्तात नाही, ते झालंच नाही.

एका बैठकीत म्हातारा हमाल उठला. आवाज जाडा, संथ. मालाच्या लिफ्टचा पोलादी दोर तुटत आलाय, एवढंच त्याला सांगायचं होतं. लिफ्टखाली दिवसभर त्याचीच माणसं राबत. लगेच खाकरणं झालं, कालवा उठला. टाचणीने मात्र त्याची ओळ लिहिली.

"ही ओळ खोडा," मॅनेजर दुसऱ्या दिवशी म्हणाला. "एवढ्या गलक्यात ऐकू येणं शक्यच नाही. मनचं लिहिलंत तुम्ही."

"मग घ्या परीक्षा. भर बैठकीत."

"नापास झालात तर ओळ जाईल, आणि तुम्हीही."

"चालेल की. घरी बसून सासूबाईंचं इतिवृत्त लिहीन."

बैठक भरली. हमाल बोलू लागला तसे मॅनेजरसकट चौघे तुटून पडले. एकाने तर टेबल बडवलं. टाचणीने खुर्ची तिरकी केली, नजर हमालाच्या ओठांवर ठेवली. इतरांना अडवायच्या भानगडीत ती पडलीच नाही. त्याची संथ चाल धरून राहिली. तो श्वास घेई तिथे तिचं पेन थांबे. हे तिनेच मला सांगितलंय, चारदा.

मग तिने उभं राहून वाचलं: "दोरातल्या सात तारा तुटल्यात. काल लिफ्ट हिसका देऊन थांबली. मॅनेजरसाहेबांना तीनदा सांगून झालंय."

"शब्दन् शब्द बरोबर, ताई," हमाल म्हणाला.

"हे परीक्षेपुरतं होतं," मॅनेजर पुटपुटला.

"बैठकीत बोललं गेलं, मी लिहिलं." तिने वही त्याच्यापुढे सरकवली. "आता ते दोन पानांवर आहे, मागच्या बैठकीच्या आणि आजच्या. सही दोन्हीकडे लागेल."

तो बसून राहिला. ती उभी राहिली. सह्या झाल्या.

लिफ्ट त्याच दुपारी बंद पडली नाही, बंद केली गेली. नवा दोर येईपर्यंत माल जिन्याने वाहिला, आणि "तुमच्या ओळीपायी किती उशीर होतोय" असं सुनावायला आलेल्या मॅनेजरला टाचणीने वही उघडून विचारलं, "हेही लिहू का?"